नुसतं 'बटण, बटण'

आमच्या मसाल्यांच्या वेबसाइटबद्दल एका दृष्टिहीन ताईंचा फोन आला. "दादा, कार्टमध्ये टाकायचं कुठं? नुसतं 'बटण, बटण' ऐकू येतंय."

त्याच रात्री एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) घेतला, मॉनिटर बंद केला आणि स्वतः ऑर्डर द्यायला बसलो. जमलंच नाही. फार वाईट वाटलं.

कार्टच्या बटणावर फक्त चित्र होतं. त्याला एरिया-लेबल (aria-label, म्हणजे स्क्रीन रीडरनं वाचायचं नाव) दिलं, 'गोडा मसाला, २५० ग्रॅम, कार्टमध्ये टाका'. 'पैसे भरा' तर साधा डिव्ह (बटणासारखा दिसणारा नुसता चौकोन) होता, कीबोर्डवरच्या टॅबने तिथं पोचताच येईना. तिथं खरं बटण घातलं. पत्त्याच्या रकान्यांना लेबलं जोडली. फिकट राखाडी अक्षरं गडद केली (कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांतला उजळ-गडद फरक, किमान ४.५:१ हवा).

ताईंना परत फोन केला. बोलता बोलताच त्यांनी ऑर्डर दिली. ओटीपीची वेळ मात्र त्यांना अजून कमी पडते; त्यासाठी पेमेंटवाल्यांच्या मागे लागलोय.