सोन्याच्या नॅनोकांड्या: सीटॅबने आकार कसा साधायचा

साताऱ्यात थंडीच्या सकाळी प्रयोगशाळा गारठलेली असते आणि पहिलं नुकसान तिथेच होतं. 25 अंशांखाली सीटॅब (CTAB, म्हणजे सोन्याच्या अतिसूक्ष्म कांड्यांना आकार देणारं साबणासारखं रसायन) पांढऱ्या सुयांसारखा खाली बसतो. म्हणून वॉटर बाथ 27 ते 30 अंशांवर ठेवा.

बीजद्रावण (ज्यांच्यावर कांड्या वाढतात ते सोन्याचे इवले कण यात बनतात): 0.2 मोलर सीटॅब 5 मिली, 0.5 मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल (यातूनच सोनं मिळतं) 5 मिली. जोरात ढवळत 0.01 मोलर सोडियम बोरोहायड्राइड 0.6 मिली घाला. ते ताजं आणि बर्फगार हवंच, शिळं झालं की निकामी. रंग पिवळसर तपकिरी येतो.

वाढद्रावण: सीटॅब तेवढाच, 4 मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट 0.2 मिली, 1 मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल 5 मिली, शेवटी 78.8 मिलिमोलर ॲस्कॉर्बिक आम्ल 70 मायक्रोलिटर. पिवळेपणा पूर्ण उडाल्यावरच 12 मायक्रोलिटर बीज सोडा. 10 ते 20 मिनिटांत रंग चढतो.

सीटॅबचा दुहेरी थर आणि चांदी कांडीच्या बाजूंना चिकटतात, तिथली वाढ मंदावते. टोकं मात्र वाढत राहतात.

द्रावण नुसतं लालसर झालं तर कांड्यांऐवजी गोल कणच तयार झालेत. बहुतेकदा दोष सीटॅबमधल्या आयोडाइडच्या अंशाचा असतो. प्रमाणं बदलत बसू नका, आधी सीटॅबची बाटली बदला.