सेलेनाइटची पहिली प्लेट लावण्याआधी

सेलेनाइट हे सेलेनियमचं संयुग कर्करोगाच्या पेशींना मारतं आणि निरोगी रोगप्रतिकारक पेशींना सोडतं का, हे तपासायचं आहे. सोडियम सेलेनाइटचा १० मिलिमोलर स्टॉक (नंतर पातळ करायचं मूळ द्रावण) म्हणजे १७.३ मिलिग्रॅम पावडर १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात. पण आधी बाटलीचं लेबल वाचा. पेंटाहायड्रेट (पाण्याचे पाच रेणू धरलेलं रूप) असेल तर २६.३ मिलिग्रॅम लागतं, आणि ही चूक पुढे आलेखात कुणालाच दिसत नाही. पावडर विषारी आहे. हातमोजे घालून फ्यूम हूडमध्येच तोला.

एमसीएफ-७ (स्तनाचा कर्करोग) किंवा हेला (गर्भाशयमुखाचा कर्करोग) यांसारख्या तळाला चिकटणाऱ्या पेशी ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला ५ ते ८ हजार, १०० मायक्रोलिटर मीडियममध्ये (पोषक द्रवात) टाका. कडेच्या वेल्समधलं मीडियम उडतं, म्हणून तिथे नुसतं पीबीएस (मिठाचं बफर द्रावण). कामाला ६० वेल उरतात. चोवीस तासांनी दुप्पट तीव्रतेचं द्रावण १०० मायक्रोलिटर घाला. शेवटची मात्रा १ ते २० मायक्रोमोलरच्या टप्प्यात ठेवा, ४८ तास.

मग एमटीटी: हा पिवळा रंग जिवंत पेशी जांभळा करतात आणि त्यावरून त्या मोजता येतात. खरी गोची इथे आहे. सेलेनाइट ग्लूटाथायोनसारख्या थायोलशी (गंधकयुक्त संयुगाशी) भिडलं की त्यातून तयार होणारी क्षपणकारी (इलेक्ट्रॉन देणारी) संयुगं पेशी नसतानाही एमटीटी जांभळं करू शकतात. जास्त मात्रेत लालसर सेलेनियमचे कणही दिसतात आणि तेही रीडिंग बिघडवतात. दोन्हींमुळे मेलेल्या पेशी जिवंत भासतात. म्हणून प्रत्येक मात्रेसाठी पेशीविरहित वेल ठेवाच. एमटीटी घालण्याआधी मीडियम बदललंत तर त्रास बराच कमी होतो.

रोगप्रतिकारक पेशी म्हणून जुर्कॅट वापरण्याचा मोह आवरा. त्या ल्युकेमियाच्या पेशी आहेत, निरोगी तुलना त्यांच्याशी होत नाही. रक्तातून पीबीएमसी (एककेंद्रकी पांढऱ्या पेशी) काढा: १.०७७ घनतेच्या फायकॉल या द्रवावर रक्त हळूच सोडा, सेंट्रिफ्यूज ४०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट), ३० मिनिटं, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर या पेशींचा पांढरा पट्टा विस्कटतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. दर वेलला १ ते २ लाख पेशी लागतात. त्या तरंगतात, म्हणून मीडियम काढण्याआधी प्लेट ३०० जीवर ५ मिनिटं फिरवा. नाहीतर पेशी टिपबरोबर कचऱ्यात जातात. विश्रांत पेशी एमटीटी फारच कमी पचवतात, तेव्हा अ‍ॅनेक्सिन-पीआय फ्लो सायटोमेट्री (मरणाऱ्या पेशी रंगवून एकेक मोजणं) जास्त भरवशाची.

दोन्हीकडे सीरमचं प्रमाण आणि वेळ सारखी ठेवा. सीरममध्ये स्वतःचं सेलेनियम असतं, शिवाय त्यातली प्रथिनं संयुग धरून ठेवतात. आणि निम्म्या पीबीएमसी पीएचएने (पेशींना विभागायला लावणाऱ्या वनस्पती-प्रथिनाने) चेतवलेल्या असू द्या. विश्रांत पेशी विभागतच नाहीत, त्यामुळे विभाजन रोखणारं कोणतंही संयुग त्यांच्यावर निरुपद्रवी दिसतं आणि निवडकतेचा आकडा (कर्करोगाच्या पेशींच्या तुलनेत निरोगी पेशी किती वाचतात) फुकट फुगतो.