कॉलेज बास्केटबॉलची संघबांधणी : ट्रान्सफर घेताना या चुका टाळा

अमेरिकेत २०२४ च्या एप्रिलमध्ये कॉलेज क्रीडा चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेने ट्रान्सफरचा, म्हणजे कॉलेज बदलण्याचा, नियम सैल केला. अभ्यासात पात्र असलेला खेळाडू आता कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच मैदानात उतरू शकतो. तेव्हापासून सर्वाधिक गुण काढणाऱ्यांमागे धावाधाव वाढली आहे, आणि बहुतेक संघ तिथेच फसतात.

सरासरी गुणांची बेरीज म्हणजे संघ नव्हे. सामना ४० मिनिटांचा, मैदानात पाच जण. म्हणजे वाटायला २०० मिनिटं आणि चेंडू एक. संघाची किती पझेशन, म्हणजे चेंडू ताब्यात असतानाच्या चढाया, कुणाच्या हातून संपतात तो ‘यूसेज’ पाहा. पाचांची बेरीज १०० टक्क्यांपलीकडे जात नाही. ३० टक्केवाले तीन गार्ड (चेंडू खेळवणारे खेळाडू) आणले, तर उरलेल्या दोघांच्या वाट्याला दहा टक्के येतात. तिघांपैकी दोघं कोपऱ्यात नुसते उभे राहतात आणि शॉट मारण्यासाठीची ३० सेकंदांची मुदत, म्हणजे शॉट क्लॉक, संपत येते. म्हणून चेंडू हातात नसताना खेळाडू काय करतो ते पाहा, तेही अख्ख्या सामन्यांत. हायलाइट्समध्ये ते कधीच दिसत नाही.

थ्री पॉइंटरच्या (लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटच्या) टक्केवारीवर लगेच भाळू नका. ४० पैकी १७ म्हणजे ४२.५ टक्के, १३ म्हणजे ३२.५, फरक अवघ्या चार बास्केटचा. फ्री थ्रोची टक्केवारी आणि आधीचे हंगाम जोडीला ठेवा. सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, घेताना फाउल मोजा. २० मिनिटांत तीन फाउल करणारा त्याच गतीने ३४ मिनिटांच्या आतच पाचवा फाउल करून बाहेर बसेल, आणि वरच्या लीगमध्ये समोरचे जास्त दांडगे असतात.

दुखणं कुठे आहे ते ठरवून मगच ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, उघडावं. परड्यू विद्यापीठाने हे नेमकं केलं. २०२३ च्या एनसीएए स्पर्धेत अव्वल मानांकन असूनही हा संघ सोळाव्या मानांकित फेअरले डिकिन्सनकडून ६३-५८ असा हरला. सेंटर झॅक एडी ७ फूट ४ इंच, पण त्याच्यापर्यंत चेंडू पोचवणारे दोन्ही मुख्य गार्ड पहिल्या वर्षाचे. परड्यूने संघ मोडला नाही. सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्स हा एक अनुभवी गार्ड आणला, आणि पुढच्याच वर्षी त्या स्पर्धेचा अंतिम सामना गाठला.

एडी स्वतः तिथेच घडला. पहिल्या वर्षी सामन्याला सरासरी १४.७ मिनिटं, दुसऱ्या वर्षी १९, तिसऱ्या वर्षी ३१.७. नवा मुलगा वर्षभरात सोडून जातो तेव्हा बऱ्याचदा त्याला असा चढता जिना दाखवलेलाच नसतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याला आठ-दहा मिनिटं ठरवून द्या, आणि काम एकच सांगा : स्क्रीन लावायचा (सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अडवायची), रिबाउंडसाठी आपला माणूस अडवायचा, इतकंच. उन्हाळ्यात ताकद वाढवा. शॉटची ठेवण बदलायची असेल तर तीही तेव्हाच, हंगाम सुरू असताना नाही.

शेवटच्या वर्षाचे पाच ट्रान्सफर एकदम घेऊ नका. हंगाम संपला की पाचही जण एकाच दिवशी जातात. कोण किती वर्षं राहणार याचा तक्ता भिंतीवर लावा, आणि एखाद्या जागेला पुढच्या वर्षी नावच नसेल तर त्या जागेची तयारी याच हंगामात सुरू करा.