वजनाची वही ठेवा

मधुमेह, थायरॉईड, हृदयविकार किंवा किडनीचा जुना आजार असेल, तर वजन घरी, एकाच काट्यावर करा: सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. पंचवटीत कधी, सिडकोत कधी, मेडिकलबाहेरच्या काट्यावर चपलांसकट केलेलं वजन तुलनेला उपयोगाचं नाही.

हृदयरुग्णाचं वजन दोन-तीन दिवसांत 2 किलोने वाढलं, पाय सुजले, तर ती बहुधा चरबी नसते, अंगात पाणी साचलेलं असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. दम लागत असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.

काही न करता सहा महिने-वर्षात 5 टक्के वजन उतरलं, म्हणजे 60 किलोंमागे 3, तर "बारीक झालात, छान!" यावर खूश होऊ नका, तपासून घ्या. श्रावणातले उपवास, नवी गोळी, स्टेरॉइड हेही तारखेसह लिहा. गोळी मात्र मनाने बंद करू नका.