मृगाच्या आधी कॅल्शियम रिअ‍ॅक्टरची झडती

पंचगंगा पात्राबाहेर पडली की शिरोलीकडे जाण्याचे वांदे होतात, आणि आपल्यासारख्या कोरल टँक ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा कार्बन डायऑक्साइडचा (सीओटू) सिलिंडर भरून मिळतो तो त्याच बाजूला. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये तर शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली होता. म्हणून कोल्हापुरात ज्यांच्या घरी खाऱ्या पाण्याचा कोरल टँक आहे आणि तो कॅल्शियम रिअ‍ॅक्टरवर चालतो, त्यांनी रिअ‍ॅक्टरची तपासणी मे संपायच्या आत उरकावी. या भांड्यात मीडिया, म्हणजे कॅल्शियमयुक्त खडे, भरलेले असतात; सीओटूमुळे आम्ल झालेल्या पाण्यात ते विरघळून टँकला कॅल्शियम आणि कार्बोनेट पुरवतात. केएच (पाण्याची कार्बोनेट क्षारता, अंशांत) घसरायला लागला की हात आधी नीडल व्हॉल्व्हकडे, म्हणजे गॅस बारीक कमीजास्त करणाऱ्या चावीकडे, जातो. तो आवरा. रिअ‍ॅक्टर बिघडला असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा गॅस संपत आलेला असतो, पीएच मोजणारा प्रोब खोटं सांगत असतो किंवा टँकमधली कोरलं वाढून त्यांची भूक वाढलेली असते. कुठलीही चावी फिरवण्याआधी पुढचं सामान हाताशी असू दे.

सगळ्यात आधी वजनकाटा. सिलिंडरवरचा गेज किती गॅस उरला हे सांगत नाही. आत द्रवरूप गॅस शिल्लक आहे तोवर काटा तापमानाप्रमाणे हलतो: 20 अंशांना साधारण 57 बार, 30 अंशांना 72 च्या आसपास. मे महिन्यात दुपारी काटा वर चढलेला दिसतो तो उन्हामुळे. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या खांद्यावर ठोकलेलं असतं, ते वजा करा आणि उरलेला आकडा सिलिंडरवरच खडूने लिहून ठेवा. द्रव संपला की काटा झरझर खाली येतो, आणि एका टप्प्याच्या साध्या रेग्युलेटरमध्ये नेमका त्याच वेळी पुढचा दाब वाढू शकतो. बुडबुडे अचानक वाढतात, रिअ‍ॅक्टरमधला पीएच कोसळतो. त्यामुळे पार संपेपर्यंत वाट बघू नका.

फौंड्र्या आणि फॅब्रिकेशनची कामं असल्यामुळे आपल्याकडे हा गॅस मिळायला अडचण नाही, पण सांगताना नीट सांगा. नुसतं ‘वेल्डिंगचा गॅस’ म्हटलं तर आर्गॉन मिसळलेला सिलिंडर हातात पडू शकतो, त्याचा आपल्याला उपयोग नाही. शुद्ध सीओटू हवा, आणि आतून द्रव उपसणारी नळी असलेला सिलिंडर नको. सिलिंडरवर ठोकलेली चाचणीची तारीख उलटून गेली असेल तर ती चाचणी आत्ताच करून घ्या, ऐन पावसात ते काम निघायला नको. रेग्युलेटर आणि सिलिंडर यांच्यामधला वॉशर नवा घ्या, दोन जादाचे डब्यात ठेवा. तिथे गळती थांबवायचं काम वॉशरचं असतं. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून उपयोग होत नाही. जोडणी झाली की भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक सांध्याला लावा आणि फुगा धरतो का ते बघा. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला आणि उन्हापासून लांब. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, बंद खोलीत खाली साचतो. लहान मुलं जमिनीवर झोपतात त्या खोलीत सिलिंडर ठेवूच नये.

गॅसनंतर टेस्ट किट. प्रत्येक बाटलीवरची तारीख बघा. त्याहीआधी खारटपणा तपासा, कारण तो चुकला तर पुढचे सगळे आकडे चुकतात. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं साधन) आरओच्या पाण्यावर शून्य दाखवतो एवढ्यावर समाधान मानू नका. 35 पीपीटीचं (हजारात 35 भाग) तयार द्रावण मिळतं, त्यावर तो जुळवून घ्या. मॅग्नेशियमही एकदा मोजा. ते 1200 पीपीएमच्या खाली गेलं असेल तर कॅल्शियम आणि केएच पाण्यात टिकत नाहीत, हीटरवर आणि पंपांवर पांढरा थर होऊन बसतात, आणि आपण मात्र रिअ‍ॅक्टरला बोल लावतो.

आता हिशेब. यासाठी वही-पेन घेऊन बसा, कारण निम्मं निदान इथेच होतं. रिअ‍ॅक्टर चोवीस तास बंद ठेवा आणि टँकचा केएच किती उतरला ते बघा. समजा टँकमध्ये 300 लिटर पाणी आहे आणि केएच दिवसाला 1 ने उतरतो. रिअ‍ॅक्टरमधून थेंबथेंब पडणारं पाणी कपात धरून त्याचाही केएच मोजा. तो 28 भरला आणि टँकचा 8 असेल, तर प्रत्येक लिटरमागे 20 ची भर पडते. 300 गुणिले 1, भागिले 20, म्हणजे दिवसाला 15 लिटर पाणी रिअ‍ॅक्टरमधून गेलं पाहिजे, म्हणजे मिनिटाला सुमारे 10 मिलिलिटर. आता मोजपात्र आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन प्रत्यक्ष प्रवाह मोजा. प्रवाह 6 मिलिलिटरच पडत असेल तर नळी किंवा पंप तुंबलेला आहे. प्रवाह बरोबर आहे पण त्या पाण्याचा केएच 15 वर आला आहे, तर गॅस कमी पडतोय किंवा मीडिया संपत आला आहे. दोन्ही आकडे जागेवर असूनही टँकमध्ये घट दिसत असेल तर रिअ‍ॅक्टरमध्ये काही दोष नाही. कोरलांची गरज वाढली आहे आणि प्रवाह वाढवायला हवा.

‘केएच पडला पण कॅल्शियम आहे तिथेच आहे’ ही तक्रार नेहमीची. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. कोरल सांगाडा बांधताना केएच 1 ने उतरवतं तेव्हा कॅल्शियम 7 पीपीएमच्या आसपासच कमी होतं. 8 मधला 1 लगेच दिसतो, 420 मधले 7 घरच्या किटला कळतही नाहीत. उलट केएच ठीक आणि कॅल्शियम 350 वर असेल, तर ते रिअ‍ॅक्टरने भरून निघणार नाही, कारण तो दोन्ही एकाच प्रमाणात देतो. अशा वेळी कॅल्शियम क्लोराइडने कॅल्शियम हळूहळू वर आणा, मग रिअ‍ॅक्टरला ते राखू द्या.

पीएच प्रोब जुळवून घ्यायला 7 आणि 4 पीएचची ताजी द्रावणं आणा. रिअ‍ॅक्टरमधला पीएच 6.5 ते 6.8 च्या दरम्यान असतो, म्हणून इथे 10 च्या द्रावणाचा उपयोग नाही. प्रोब बाहेर काढून ठेवायचा असेल तर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा, आरओच्या पाण्यात नको, त्याने तो खराब होतो. जुना प्रोब आकडा दाखवायला वेळ लावतो. आकडा सतत नाचत असेल तर सम्पमधले (टँकखालच्या टाकीतले) पंप आणि हीटर एकेक करून बंद करून बघा. एखाद्याची वीज पाण्यात उतरत असते, आणि तो तर ताबडतोब बदलायचाच.

मग रिअ‍ॅक्टर उघडा. जुने टॉवेल, दोन बादल्या, ओ-रिंगसाठी सिलिकॉन ग्रीस आणि व्हिनेगर लागेल. मीडियाचे खडे बोटांत धरून दाबा. कडक असतील तर धुऊन परत टाका. दहीभातासारखा लगदा झाला असेल तर पीएच फार दिवस खूप खाली, 6.2-6.3 च्याही खाली राहिलेला आहे, आणि त्या लगद्यातून पाणी एकाच वाटेने पळतं. तो काढून टाका. सडक्या अंड्याचा वास आला तर तळात गाळ साचून पाणी फिरायचं थांबलं आहे. पंपाचा इम्पेलर आणि नळ्या व्हिनेगरमध्ये भिजवा.

नवा मीडिया विकतचाच घ्या. मालवणला गेलं की किनाऱ्यावर पडलेले पोवळ्याचे (कोरलाचे) तुकडे दिसतात आणि पिशवी भरायचा मोह होतो. ते करू नका. समुद्रात प्रवाळभिंती बांधणारी सगळी पोवळी 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या परिशिष्टात आहेत, आणि मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. आपला छंद त्या किनाऱ्याच्या जिवावर चालवणं मला अजिबात पटत नाही. टँकमधल्या कोरलांची पावती आणि कागदपत्रंही एका फायलीत जपून ठेवा.

विजेचं बघा. सोलेनॉइड (गॅस चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह), रिअ‍ॅक्टरचा फिरता पंप आणि पाणी देणारा पंप एकाच बोर्डावर घ्या, म्हणजे लाइट गेली की तिन्ही बरोबर थांबतात. पंप बंद आणि गॅस चालू अशी वेळ आली तर सकाळपर्यंत मीडियाचा लगदा होतो. गॅसच्या नळीत चेक व्हॉल्व्ह आहे ना आणि तो उलटं पाणी खरंच अडवतो ना, हे तोंडाने फुंकून बघा.

पावसाळ्यात टँकचाही पीएच उतरतो, कारण खिडक्या दिवसेंदिवस बंद असतात आणि खोलीत साचलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो. दोष रिअ‍ॅक्टरचा की खोलीतल्या हवेचा हे ठरवायला टँकचं पाणी एका ग्लासात घेऊन गॅलरीत तासभर एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावा. पीएच वर आला तर खिडकी उघडायची गरज आहे किंवा स्किमरची (फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी बाहेर काढायची. सगळं करूनही टँकचा पीएच खालीच राहिला, तर रिअ‍ॅक्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या वाटेवर मीडियाचा दुसरा डबा जोडा. उरलेला गॅस त्यात खर्च होतो.

पुन्हा चालू करताना आधी पाणी, मग फिरता पंप, आतली हवा पूर्ण बाहेर, आणि सर्वांत शेवटी गॅस. सुरुवातीचं गढूळ पाणी बादलीत जाऊ द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला: एकतर बुडबुडे, नाहीतर प्रवाह. त्यानंतर निदान एक दिवस जाऊ द्या आणि रोज त्याच वेळेला केएच मोजा. टँकचा केएच दिवसाला 1 पेक्षा जास्त चढू देऊ नका, तो उशिरा जागेवर आला तरी चालेल.