विषबाधेचा रुग्ण: बाई की पुरुष यावरून होणाऱ्या या चुका टाळा

कॅज्युअल्टीत विषबाधेची केस आली की तपासणीआधीच गोष्ट तयार असते. बाई असेल तर ‘भांडण झालं असेल, घाबरवायला घेतलंय’. पुरुष असेल तर ‘पिऊन आलाय’. या दोन तयार गोष्टींपायी उपचार चुकतात.

सर्वांत जास्त हयगय कपड्यांची. पुरुषाचा शर्ट ब्रदर बिनदिक्कत कापून काढतात. बाईची साडी मात्र तशीच राहते, वर चादर पडते आणि सलाईन सुरू होतं. ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे बऱ्याच कीटकनाशकांतलं विष, कातडीतूनही आत जातं. उलटीने भिजलेला पदर, ब्लाउज आणि बांधलेली वेणी यांतून ते अंगात मुरत राहतं, आणि इकडे आपण त्यावरचा उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन वाढवत बसतो. पडदा ओढा, सिस्टरला बोलवा, ग्लोव्हज घालून सगळे कपडे उतरवा. वेणी सोडून केस मुळापर्यंत साबणाने धुवा. गळ्यातले दोरेही काढा. एवढ्याला लाज आड येत असेल तर ती आपली अडचण, रुग्णाची नव्हे. कपडे फेकू नका, पिशवीत सील करून पोलिसांसाठी ठेवा.

हकिगत नवऱ्याच्या किंवा सासूच्या तोंडून घेऊ नका. “खोकल्याचं समजून चुकून प्यायली हो,” हे ऐकून घ्या, पण त्यांना बाहेर थांबवून तिला एकटीला विचारा. लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर याला कायद्याने वेगळं वजन आहे. जबाबाच्या वेळी ती शुद्धीत होती का, हे डॉक्टरने वेळ टाकून लिहावं. एमएलसीच्या (पोलिसांना कळवायच्या केसच्या) कागदांसाठी उपचार अडवायचे नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय.

‘थोडंसंच घेतलंय, बरी दिसतेय’ म्हणून घरी पाठवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. उंदराच्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असेल तर पहिला दिवस शांत जाऊ शकतो, यकृत नंतर बिघडतं. दाखल करा, एलएफटी (यकृताची तपासणी) आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) पुन्हा पुन्हा पाहा.

पुरुषाच्या तोंडाला दारूचा वास आला तरी टॉर्च मारून बाहुल्या बघाच. ऑर्गॅनोफॉस्फेटने त्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, दारूने होत नाहीत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून पुरुषांना ‘फवारणी केली का?’ असं आपण विचारतो तरी. औषध कालवणाऱ्या, फवारलेल्या रानात निंदायला जाणाऱ्या बाईला कोण विचारतं?

गरोदरपणाची तपासणी करा, पण तिच्या रिपोर्टसाठी उतारा थांबवू नका. अ‍ॅट्रोपिन किंवा पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचं एनएसी हे औषध गरज असेल तर गरोदर बाईलाही द्यायचं असतं.

विषाबद्दल शंका असेल तर एम्सचं विष माहिती केंद्र 1800 116 117 वर चोवीस तास बोलतं. मुद्दाम घेतल्याची शंका असेल तर सुटी देण्याआधी मानसोपचाराचा कॉल बाईइतकाच पुरुषालाही लावा. ‘अपघाताने गेलं पोटात’ म्हणत तो टाळणारे पुरुषही असतात. दोघांच्याही डिस्चार्ज कार्डावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लिहा.