गोधडीचा गोट: पट्टी कुठली घ्यायची, किती लागते, कोपरे कसे वळवायचे

गोधडी विरते ती आधी कडेने. झोपेत ओढतो तेव्हा हात कडेलाच असतो, धुऊन बाल्कनीतल्या दोरीवर टाकली की पाण्याचं वजन घेऊन घासते तीही कडच, म्हणून पोटात कितीही जुन्या साड्या भरा पण गोटाला, म्हणजे कडेभोवती शिवायच्या पट्टीला, कापड धड घ्या.

धड म्हणजे सुती आणि घट्ट विणीचं, केंब्रिक नाहीतर पॉपलीन, मुंबईत मंगलदास मार्केटला किंवा हिंदमाताला कुठेही मिळेल. सॅटिन दिसतं भारी पण हातातून सुळकन निसटतं. तयार उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीचं बंडल मिळतं ते ब्लाउजच्या गळ्याला ठीक, गोधडीच्या जाडीला ते अरुंद पडतं. आणि कापड आधी धुवा!! मी एकदा लाल पट्टी तशीच लावली, पहिल्याच धुण्यात पांढऱ्या ठिगळांवर गुलाबी ओघळ आले ते अजून आहेत. ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून बघायचा, रंग उतरला तर परत धुवायचं, तरी उतरत राहिला तर ते कापड गोटाला नकोच.

आता उरेब की सरळ? कोपरे गोल असतील तर उरेबच, कारण ४५ अंशात कापलेलं कापड ताणतं आणि वळणावर बसतं, सरळ पट्टीला तिथे चुण्या पडतात. चौकोनी गोधडीला सरळ चालते, कापडही कमी जातं. फक्त सरळ पट्टीच्या घडीवर तेच ते दोन-चार धागे सतत घासले जातात, उरेब घडीवर खूप धागे तिरके येतात म्हणून ती जास्त टिकते. रोजच्या वापरातल्या गोधडीला मी उरेब लावते, पाहुण्यांच्या गोधडीला सरळ.

हिशोब सोपा आहे. ६० बाय ९० इंची गोधडीचा घेर ३००, कोपरे नि जोड धरून वर १२, म्हणजे ३१२ इंच. पट्टी अडीच इंच रुंद, कारण ती उभी दुमडून दुहेरी लावायचीय. ४४ इंची पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, काठ सोडून ४२ इंच मिळतात, तिरक्या जोडात थोडं जातं, म्हणजे ८ पट्ट्या, म्हणजे २० इंच कापड. अर्धा मीटर म्हणजे १९.७ इंच, तेव्हा तिथेच कंजूषी करू नका, पाऊण मीटर घ्या. हे सरळ पट्टीचं झालं, उरेबला एक मीटर धरा. गोधडी जाड असेल तर पट्टी ३ इंची करा.

आणि घरात नऊवारी असेल तर मजाच, नऊ वार म्हणजे ३२४ इंच, लांबीत एकच पट्टी काढली की अख्खा घेर होतो, मधे जोडच नाही. आधी उजेडाला धरून विरलेली जागा मात्र बघा. सुती साडी असेल तर कात्रीने छेद देऊन टरकन फाडा, धाग्यात सरळ फाटते.

पट्टी दुमडून इस्त्री करा, आमच्या वन आरकेत हे सगळं पलंगावरच चालतं. गोधडीच्या सुलट बाजूला, पट्टीच्या उघड्या कडा गोधडीच्या कडेला लावून पाव इंचावर टीप मारा, सुई १६ नंबरची, टाका जरा मोठा. सुरुवात कोपऱ्यात नको, लांब बाजूच्या मधे करा, आणि पट्टीचं पहिलं टोक तिरकं आत दुमडून ठेवा, म्हणजे शेवटचं टोक त्याच्या खिशात सरकवता येतं.

कोपऱ्याला सगळे घाबरतात. कडेच्या पाव इंच अलीकडे थांबा, टाका उलटा मारून पक्का करा, गोधडी मशीनखालून काढा. पट्टी सरळ वर उचला, कोपऱ्यात तिरकी घडी पडेल, मग तीच पट्टी खाली आणून पुढच्या कडेवर ठेवा, वरची घडी गोधडीच्या वरच्या कडेशी बरोबर जुळली पाहिजे, आणि अगदी टोकापासून पुन्हा टीप. पहिल्यांदा चुकेल, उसवा आणि परत करा, माझे पहिले दोन कोपरे बोथटच झाले होते.

मग पट्टी मागे वळवून टिपेची रेघ झाकली जाईल इतपत ओढा. टाचण्या बोटाला टोचतात, मी मुलीच्या केसांच्या टिकटॉक पिना लावते. मागून हाताने तुरपाई, टाके बारीक, सुई फक्त मागच्या थरातून, पुढे दिसता कामा नये. दोन-तीन संध्याकाळी जातात, तेवढा वेळ अख्खी गोधडी मांडीवर, म्हणून मे महिन्यात मी हे काम काढतच नाही, पाऊस सुरू झाला की बघते.